दह्याचा पांजरपोळ

वेणीमाधव मास्तरांनी पानात शेवटचा भात वाढून घेतला, बोटांनी त्याच्या मधोमध छानसे आळे केले आणि ताकाची वाट पाहत बसले. सोलापुरातला चैत्र संपत आला होता. सकाळची शाळा सुटून घरी येईपर्यंत टोपीखालचे डोके भाजून निघत होते, आणि अशा दिवसांत ज्याच्यासाठी घरी यावे असे वाटायचे ती एकच चीज होती. ती म्हणजे जिरे, मीठ आणि किंचित हिंग लावलेले ताक. मास्तर वाट पाहत राहिले. आळे कोरडेच राहिले.

"ताक?" त्यांनी विचारले.

"नाही," त्यांची बायको यशोदा पदराने घाम टिपत म्हणाली.

"संपलं?"

"संपलं कुठलं, भरपूर आहे. पण कुणी घ्यायचं नाही म्हणून सासूबाईंनी सांगितलंय."

"का पण?"

"तुम्हीच तर काल सांगितलंत की. चारचौघांत, टेबलावर मूठ आपटून."

मास्तरांचा हात आळ्यातच थांबला.

काल संध्याकाळी पेठेतल्या वाचनालयात मास्तरांचे व्याख्यान झाले होते. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवत, आणि शास्त्र शाळेच्या भिंतीबाहेर पडून लोकांच्या माजघरात गेले पाहिजे, असा त्यांना ध्यास होता. गेल्या वर्षी त्यांनी ह्याच वाचनालयात 'उष्णतेचे वहन' ह्या विषयावर तास दीड तास विवेचन केले. ऐकायला दोन माणसे होती. त्यातला एक मिलमधला कारकून होता, तो पंख्याखाली झोपायला आला होता. दुसरा वर्तमानपत्र मोकळे व्हायची वाट पाहत होता. तेव्हा वाचनालयाचे चिटणीस गोपाळराव मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "मास्तर, शास्त्र चांगलं आहे हो तुमचं. पण जरा मसाला घाला."

म्हणून यंदा मास्तरांनी मसाला घातला. विषय घेतला 'आपल्या घरातील अदृश्य सृष्टी', आणि दोन व्याख्याने जाहीर केली. पहिले दह्यावर, दुसरे पुढच्या आठवड्यात पिण्याच्या पाण्यावर. दह्याचे व्याख्यान म्हणजे नुसती फोडणी होती. हिंदुस्थानात जेवढी माणसे नाहीत तेवढे जीव चमचाभर दह्यात असतात, असे सांगून त्यांनी सुरुवात केली. मग ते जीव दुधातली साखर खातात, खाऊन माजतात आणि अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, असे सांगितले. रात्री विरजण लागले की सकाळपर्यंत खापरपणतवंडे खेळू लागतात, म्हणाले. इथे टाळ्या पडल्या. टाळ्यांचा आवाज मास्तरांना नवा होता. तो त्यांच्या डोक्यात गेला, आणि टिपणात नसलेले एक वाक्य तोंडून निघून गेले. "दही म्हणजे नांदतं गाव आहे! आणि असं एक नांदतं गाव आपण रोज एका घोटात गिळतो." मूठ ह्याच वाक्याला आपटली होती.

बायकांच्या बाजूला पुढच्याच रांगेत मास्तरांच्या मातोश्री रुक्मिणीबाई बसल्या होत्या. मुलाचे व्याख्यान ऐकायची त्यांची ही पहिलीच खेप. सबंध सभा टाळ्या वाजवत होती तेव्हा त्या हात मांडीवर ठेवून स्तब्ध बसल्या होत्या. आई भारावून गेली, असे मास्तरांना वाटले होते. आता त्यांना जरा निराळे वाटू लागले.

त्यांनी तो भात कसाबसा संपवला आणि देवघरात गेले. रुक्मिणीबाई वाती वळत होत्या.

"आई, ताक बंद केलंस म्हणे?"

"केलं."

"अगं, ते जीव म्हणजे तसले जीव नव्हेत. त्यांना डोळे नाहीत, नाक नाही. दुखणंखुपणं काही कळत नाही त्यांना."

"नातवंडं आहेत म्हणालास."

"ते आपलं गमतीनं."

"गंमत होती तर लोक हसले असते, वेणू. टाळ्या कशाला वाजवल्या?"

मास्तर खाली बसले. रुक्मिणीबाईंनी वात बाजूला ठेवली. "पायाखाली मुंगी आली तरी मला दिवसभर रुखरुख लागते. आणि इतकी वर्षं रोज रात्री पेला भरभरून मी काय घेत होते, ते तू सांगेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. बरं झालं सांगितलंस. तू खोटं बोलत नाहीस एवढं मला माहीत आहे."

मास्तर बोटांवर उपासाचे तास मोजू लागले. कारण यजमान गेल्यापासून रुक्मिणीबाई दिवसातून एकदाच, दुपारी, जेवत. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की स्वतः रवी घेऊन बसत, पेलाभर ताक करून घेत आणि त्यावर दुसऱ्या दुपारपर्यंत राहत. त्या ताकाखेरीज रात्री त्यांच्या पोटात काही जात नसे.

"मग रात्री काय घेणार तू?"

"पाणी आहे की," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्याच्या व्याख्यानाचा विषय मास्तरांना त्या क्षणी आठवला, आणि ते घाईघाईने देवघराबाहेर पडले.

खाणे बंद झाले, एवढ्यावर भागले असते तर ठीक होते. पण घरातले विरजण साधेसुधे नव्हते. रुक्मिणीबाई लग्न होऊन अक्कलकोटहून आल्या तेव्हा माहेरचे विरजण वाटीत झाकून आणले होते, आणि तेव्हापासून ते एकदाही मोडू दिले नव्हते. आता ते खायचे नाही, हे ठरले. पण मग टाकून द्यायचे? नांदते गाव मोरीत ओतायचे? रुक्मिणीबाईंनी कानांवर हात ठेवले. आणि दूध मिळाले नाही तर हे जीव उपाशी मरतात, हेही मास्तरांनीच सांगून ठेवले होते. तेव्हा रोज संध्याकाळी त्यांना दूध घालणे आले. जेवढे दही तेवढे दूध लागायचे. मास्तरांना गणित चांगले येत होते, म्हणूनच त्यांना जास्त भीती वाटली.

आठवडा निम्मा सरला नाही तोच स्वयंपाकघरातली दह्याची मातीची सटे संपली. मग तपेली भरली, मग गंगाळ. दूध घालणारी रंभाबाई रोजची चरवी सोडून घागर आणू लागली.

"वैनी, घरात काय कार्य हाय का?" तिने यशोदेला विचारले.

"पाहुणे आहेत," यशोदा म्हणाली.

"किती?"

"ते ह्यांनाच विचारा. ह्यांनी मोजलेत."

त्यात शेजारच्या मल्लप्पा वाण्याची बायको कमलम्मा एक दिवस हातात मडके घेऊन दारात उभी राहिली. तीही व्याख्यानाला होती. "काकू, आमच्या घरातलं पण जरा ठेवून घ्या की," ती रुक्मिणीबाईंना म्हणाली. "खाऊ म्हटलं तर घास उतरत नाही, टाकू म्हटलं तर हात होत नाही. तुमच्या मास्तरांनीच सांगितलंय, तुमच्याकडं नीट राहतील."

रुक्मिणीबाईंनी आसऱ्याला आलेले मडके ठेवून घेतले. मग गल्लीतल्या बाकीच्या बायका तरी मागे का राहतील? कुणी वाटी आणली, कुणी बरणी, एकीने तर चांदीच्या फुलपात्रात आणून वर तुळशीचे पान ठेवले. बघता बघता पुढच्या सोप्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. शहरात थकल्या गाईंसाठी पांजरपोळ होता, दह्यासाठी नव्हता, तो मास्तरांच्या घरी निघाला. उन्हाने दही दुपारपर्यंत असे आंबे की टांगेवालेसुद्धा गल्लीच्या तोंडाशी आल्यावर घोड्याला चाबूक मारत. मांजरे चारी पेठांतून आली. मांजराने तोंड घातले तर गावेच्या गावे जातील, म्हणून यशोदा हातात वेत घेऊन सोप्यात राखण बसू लागली. नवरा घरी आला की ती वेत खाली ठेवत नसे, हे मास्तरांच्या लक्षात आले.

अशात एका सकाळी कोपऱ्यावरच्या तालमीचे वस्ताद आबासाहेब दोन घागरी घेऊन हजर झाले.

"मास्तर, तुमचं भाषान मी खिडकीतनं ऐकलं. लई झ्याक झालं. चमचाभर दह्यात सगळ्या हिंदुस्तानाचं बळ हाय म्हणला न्हवं का?"

"बळ नाही म्हणालो. जीव म्हणालो."

"त्येच की वो. येवडं जीव पोटात गेल्यावर पोरगं काय ऐकतंय व्हय? तुमच्याकडं साठा हाय म्हनं. आमच्या पोरास्नी द्या."

आतून रुक्मिणीबाई दारात आल्या. "आबासाहेब, घागरभर पाणी न्या, दूध न्या. पण ही गावं खायला देणार नाही मी. माझ्या भरवशावर आणून ठेवलीयेत लोकांनी."

आबासाहेबांनी मास्तरांकडे पाहिले, मास्तरांनी जमिनीकडे. एकाच व्याख्यानातून एकाने खुराक नेला आणि एकीने उपास. दोघांनीही शब्दन् शब्द नीट ऐकला होता. मास्तरांना शिकवण्याच्या धंद्यात इतकी वर्षे झाली होती, पण आपले सगळे म्हणणे लक्षात ठेवणारे विद्यार्थी त्यांना प्रथमच भेटत होते, आणि ते एक अक्षर विसरतील तर बरे असे त्यांना होऊन गेले होते.

ते तडक गोपाळरावांकडे गेले. "मला खुलासा करायचा आहे. उद्याच सभा लावा."

"खुलाशाला कोण येतंय, मास्तर?"

पण सभा तुडुंब भरली. खापरपणतवंडांच्या पुढची पिढी ऐकायला मिळेल अशा आशेने लोक आले होते. मास्तरांनी मात्र रात्रभर विचार करून एक निश्चय केला होता. उपमा द्यायची नाही, दृष्टांत द्यायचा नाही, मूठ आपटायची नाही. नुसते शास्त्र सांगायचे. त्याप्रमाणे ते पेशी, विभाजन, आम्ल आणि किण्वन ह्यांवर अत्यंत अचूक बोलले. एकही शब्द चुकीचा नव्हता. दहा मिनिटांत मागच्या रांगा उठल्या, पंधरा मिनिटांत मिलमधला तो कारकून पंख्याखाली झोपला. तेव्हा बायकांतून रंभाबाई उभी राहिली. तिचा धंदा ह्या प्रकरणात गुंतला होता, त्यामुळे ती शेवटपर्यंत जागी होती.

"मास्तर, आमाला त्यातलं काय कळंना. येवडंच सांगा, त्यास्नी खापरपणतवंडं व्हत्यात का न्हाईत?"

मास्तरांना खोटे बोलता येत नव्हते. "होतात," ते म्हणाले. "म्हणजे, एका अर्थी."

"मग झालं की," रंभाबाई म्हणाली. लोक उठले. 'होतात' हा शब्द प्रत्येकाने घरी नेला. 'एका अर्थी' हे शब्द वाचनालयातच पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर शाळेतून आले तेव्हा यशोदा सोप्यात नव्हती. एक मांजर गंगाळाशी निवांत बसले होते. आत रुक्मिणीबाई चटईवर आडव्या होत्या आणि यशोदा त्यांच्या कपाळावर ओली घडी ठेवत होती. देवाची भांडी घासताना त्यांना घेरी आली होती. वैद्यबुवा येऊन नाडी पाहून गेले होते.

"काय म्हणाले?" मास्तरांनी घाबरून विचारले.

"उन्हानं पित्त खवळलंय. पोटात रात्री काही नसतं म्हणून अशक्तपणा आलाय," यशोदा म्हणाली. मग हळू आवाजात तिने पुरे केले, "ताक द्या म्हणाले. ताकासारखं औषध नाही म्हणाले."

"नको," चटईवरून आवाज आला. "औषध म्हणून जीव घेतला तरी तो जीवच." आणि रुक्मिणीबाईंनी भिंतीकडे तोंड केले.

भिंतीकडे तोंड केलेल्या आईची ती लहानशी पाठ पाहून मास्तरांना रडूच आले. शास्त्र लोकांच्या माजघरात न्यायला निघालेला हा गृहस्थ, आणि त्याच्या स्वतःच्या माजघरात त्याच्या दोन टाळ्यांपायी त्याची म्हातारी आई उपाशी पडली होती. भाषणापूर्वी आरशासमोर उभे राहून मूठ आपटायची तालीम केली होती, हेही त्यांना आठवले, आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली की ते तिथे थांबू शकले नाहीत.

ते परत शाळेत गेले. शिपायाला उठवून पुस्तकांचे कपाट उघडले आणि कॉलेजच्या दिवसांनंतर हात न लावलेला एक जाड इंग्रजी ग्रंथ काढला. दह्यातल्या जंतूंचे प्रकरण त्यांनी प्राण्यांच्या भागात शोधले, सापडले नाही. उलटत उलटत ते पुढे गेले, आणि जिथे सापडले ते पान पाहून खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. हे त्यांनी पुण्याला शिकताना परीक्षेत लिहिले होते. त्याला गुणही मिळाले होते. पण व्याख्यान तयार करताना त्याची आठवण झाली नाही, कारण ते सांगून टाळी पडण्यासारखे त्यात काहीच नव्हते. टोपी शाळेतच राहिली आणि मास्तर भर उन्हात उघड्या डोक्याने घराकडे पळत सुटले.

"आई, ऊठ. ते प्राणी नाहीत. शास्त्रज्ञ त्यांना वनस्पतींत मोजतात."

रुक्मिणीबाई वळल्या. "वनस्पतींत? म्हणजे झाडं?"

"झाडंच म्हण. फार बारीक."

"मेथी, चाकवत, तसली?"

"त्याच बाजूची."

"मग हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"झाडांना कुणी टाळ्या वाजवत नाही गं."

रुक्मिणीबाईंनी कपाळावरची घडी काढून बाजूला ठेवली. "एकादशीला चालतात का रे?"

त्या काळच्या त्या ग्रंथात पुढे असे लिहिले होते की ह्या वनस्पती अळंब्यांच्या गणगोतातल्या. रुक्मिणीबाईंच्या घरात अळंबी कधी उंबरा ओलांडून आली नव्हती. मास्तरांच्या जिभेवर ते वाक्य आले, तिथे क्षणभर घोटाळले आणि त्यांनी ते गिळून टाकले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी व्याख्यान वेळेवर संपवले.

"आजवर चालत होती ना? मग चालतात," ते म्हणाले.

रुक्मिणीबाई भिंतीला धरून उठल्या. माहेरच्या विरजणाच्या सटातले दही त्यांनी स्वतःच्या हाताने घुसळले, मीठ घातले आणि उजेड होता तोवर पेला तोंडाला लावला. पेला रिकामा होईपर्यंत मास्तर समोर उभे होते. उपरण्याने ते घाम पुसत होते की डोळे, ते यशोदेला नीट कळले नाही. तिने हातातला वेत मात्र कोपऱ्यात ठेवून दिला.

मग मास्तर बाहेर पडले. घरोघर जाऊन त्यांनी "वनस्पती आहेत हो" एवढे तीनच शब्द सांगितले. कुणी काही विचारले तर तेच तीन शब्द पुन्हा सांगितले. कमलम्मा मडके घेऊन गेली, चांदीचे फुलपात्र गेले, बरण्या गेल्या. उरलेल्या आंबट दह्यासाठी त्यांनी आबासाहेबांना बोलावले.

"झाडपाला हाय व्हय?" आबासाहेबांचा चेहरा पडला. "मग पोरास्नी काय उपेग? ऱ्हाऊ द्या, कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत कालवतो. माती तरी मऊ हुईल." आणि हिंदुस्थानाएवढी लोकसंख्या घागरींत भरून ते तालमीकडे चालते झाले.

हे सगळे आटोपून मास्तर घरी आले तेव्हा दिवे लागून गेले होते. सोपा धुतलेला होता. मन हलके झाले होते आणि भूक कडाडून लागली होती. त्यांनी शेवटचा भात वाढून घेतला, मधोमध आळे केले, ते आज जरा मोठेच केले, आणि हाक मारली, "ताक आण गं."

यशोदा जागची हलली नाही. "नाही मिळायचं."

"आता काय झालं?"

"सासूबाई म्हणाल्या, दिवेलागणीनंतर झाडांना हात लावायचा नाही. झोपलेली असतात."

देवघरातून रुक्मिणीबाईंचा आवाज आला. पोटात ताक गेल्यामुळे तो चांगला खणखणीत झाला होता. "मी उजेडातच घेतलं रे. तूच उशीर केलास. उद्या सकाळी घे हो पोटभर."

मास्तरांनी तोंड उघडले. ह्या वनस्पती झोपत नाहीत, उलट रात्रभर त्यांचे काम चालू असते, म्हणूनच सकाळी दही लागते, हे सांगायला ते निघाले होते. मग झोपत नाहीत, रात्रभर काम करतात, खातात, वाढतात, ही वाक्ये एकापुढे एक कुठे जाऊन पोहोचतात ते त्यांना दिसले. त्यांनी तोंड मिटले, तांब्यातले पाणी आळ्यात ओतले आणि त्या पाण्याकडे फार निरखून न पाहता भात कालवला.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना ते वाचनालयावरून गेले. दारावर मोठ्या अक्षरांत फलक लागला होता, 'आपले पिण्याचे पाणी : वे. स. कुरुलकर'. गोपाळराव हात चोळत बाहेर आले. "मास्तर, ह्या खेपेला मांडव घालावा लागेल. सगळी पेठ येणार आहे."

"तो विषय पुसून टाका," मास्तर म्हणाले. "'उष्णतेचे वहन' लिहा."

"अहो, गेल्या वर्षी त्याला दोन माणसं होती."

"असू द्या. दोघंही घरी जाऊन ताक प्यायली होती."